गव्हाविना न्याहारी

महाराष्ट्रातील शहरी घरांत सकाळच्या पहिल्या खाण्यावर गव्हाची पकड आज इतकी घट्ट झाली आहे की उपमा, शिरा, शेवया, सांजा, पोळी-भाजी, पाव, टोस्ट, खारी आणि बिस्किटे ही सगळी एकाच धान्याची रूपे आहेत हे सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही. ते लक्षात येते ते घरातील एखाद्या मुलाला किंवा मोठ्या माणसाला सिलिॲक हा आजार असल्याचे निदान होते तेव्हा, कारण त्या दिवसापासून गहू, खपलीसारख्या त्याच्या जुन्या जाती, जव म्हणजे सातू आणि युरोपात पिकणारे राय हे धान्य त्या व्यक्तीला आयुष्यभरासाठी वर्ज्य होते. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाची अडचण भात आणि भाकरी बऱ्यापैकी सोडवतात. घाईची, शाळेच्या बसची आणि डब्याची सकाळ मात्र अवघड जाते. मग परदेशी धर्तीच्या खोकेबंद न्याहारीचा शोध सुरू होतो, आणि तेथे हाती लागते ते बहुधा महाग, पुष्कळदा बेचव आणि कधीकधी अपायकारकही असते. खरे तर गव्हाशिवायची, झटपट आणि मनापासून आवडेल अशी न्याहारी भडभुंज्याच्या दुकानात आणि घरातल्या पोह्यांच्या डब्यात आधीपासूनच आहे. कष्ट घ्यावे लागतात ते तिच्यात चोरवाटेने शिरणारा गहू बाहेर ठेवण्यासाठी.

ग्लुटेन हे गव्हातील ग्लायडिन आणि ग्लुटेनिन या दोन प्रथिनगटांचे सामाईक नाव आहे. पीठ पाण्यात मळले की हे दोन गट एकमेकांत गुंतून चिवट, ताणले जाणारे जाळे तयार होते, आणि पोळी पातळ लाटता येते, पाव फुगतो किंवा शेवई तुटत नाही ती या जाळ्यामुळेच. जवातील हॉर्डेइन आणि रायमधील सेकॅलिन ही प्रथिने त्याच घराण्यातील असल्यामुळे व्यवहारात त्यांनाही ग्लुटेनच म्हटले जाते. या प्रथिनांत प्रोलीन आणि ग्लुटामिन ही अमिनो आम्ले विपुल असल्याने माणसाच्या पाचकरसांना त्यांचे पुरते विघटन करता येत नाही आणि उरलेले लांब तुकडे लहान आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचतात. बहुतेकांना त्याचा काहीही उपद्रव होत नाही. परंतु विशिष्ट आनुवंशिक ठेवण असलेल्या काही व्यक्तींची प्रतिकारयंत्रणा या तुकड्यांवर चाल करून उठते आणि त्या झटापटीत आतड्याच्या आतील रसांकुर, म्हणजे अन्नरस शोषून घेणारे सूक्ष्म उंचवटे, झिजून सपाट होतात. जुलाब, पोटफुगी, मुलांची खुंटलेली वाढ आणि ठिसूळ हाडे ही त्याची परिचित लक्षणे असली, तरी कित्येक रुग्णांत पोटाची कसलीच तक्रार नसते आणि लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा रक्तक्षय एवढीच खूण दिसते.

या आजाराचे नेटके वर्णन लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये केले आणि उपाय असलाच तर तो आहारातच असेल असेही त्यांनी ताडले, मात्र दोषी अन्न कोणते हे त्यांना उमगले नाही. १९२४ मध्ये सिडनी हास या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी केळ्यांवर भर देणारा आहार सुचवला आणि त्याने मुले सुधारलीही, पण ती केळ्यांमुळे नव्हे तर त्या आहारात गहू नसल्यामुळे सुधारली, हे कळायला आणखी पाव शतक जावे लागले. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांना १९३० च्या दशकापासूनच गव्हाविषयी संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात भीषण अन्नटंचाई पडून पाव मिळेनासा झाला तेव्हाच्या अनुभवाने तो बळावला, आणि १९५० मध्ये त्यांनी उट्रेख्त येथे सादर केलेल्या प्रबंधात गहू आणि राय यांचा या आजाराशी असलेला संबंध पद्धतशीर मांडला. औषधशास्त्र त्यानंतर पुष्कळ पुढे गेले, तरी ग्लुटेन पूर्णपणे वगळलेला आहार हाच या आजारावरील प्रस्थापित उपचार आजही आहे. तो जन्मभर पाळायचा असल्यामुळे अन्न रुचकर असणे हा येथे चैनीचा विषय राहत नाही, कारण नावडते खाणे माणूस महिनाभर निभावून नेतो आणि मग बिस्किटाच्या पुड्याकडे वळतो.

भारतात हा आजार दुर्मीळ समजला जात असे, तो समज आता मागे पडला आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर भारतातील प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण १.२३ टक्के, ईशान्य भारतात ०.८७ टक्के आणि दक्षिण भारतात ०.१० टक्के आढळले, आणि रोजच्या आहारातील गव्हाच्या प्रमाणातही या प्रदेशांत मोठे अंतर दिसले. येथे एक सूचना आग्रहाने करायला हवी. संशय आला म्हणून आधीच गहू सोडून देऊ नये, कारण रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेल्या आतड्याच्या नमुन्याची तपासणी या दोन्ही गोष्टी रुग्ण गहू खात असतानाच विश्वासार्ह ठरतात. सोडल्यानंतर त्या फसव्या निघू शकतात. तसेच ज्यांना सिलिॲक, गव्हाची ॲलर्जी किंवा गव्हाने होणारा अन्य प्रकारचा त्रास नाही, त्यांनी केवळ वजन घटवण्याच्या आशेने ग्लुटेन वर्ज्य करण्यात काही लाभ नाही.

न्याहारीच्या धान्यांचा विचार करताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते, ती ही की ग्लुटेनच्या जाळ्याची गरज पावाला, पोळीला आणि केकला असते, धान्य फुलवायला किंवा चेपायला ती अजिबात नसते. म्हणूनच गव्हाशिवायचा पाव बनवताना नाना प्रकारचे डिंक आणि स्टार्च मिसळूनही तो भुसभुशीत किंवा दडस होतो, तर लाही किंवा पोहे यांना मुळातच काही उणे पडत नाही. भाकरीलाही हे जाळे नसतेच, त्यामुळे पिठात उकळते पाणी घालून त्यातील स्टार्च चिकट करून घ्यावा लागतो. या दृष्टीने पाहिले तर गहू सोडलेल्या माणसासाठी दिवसातले सर्वांत कमी तडजोडीचे खाणे न्याहारीच ठरायला हवे, आणि तरीही तेच अडते, याचे कारण बाजाराच्या घडणीत आहे.

खोक्यातील न्याहारीचा जन्म गव्हातूनच झाला. १८६३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील डॅन्सव्हिल येथे जेम्स केलब जॅक्सन यांनी गव्हाच्या भाजलेल्या पिठाचे इतके कडक दाणे बनवले की ते रात्रभर भिजवल्याशिवाय चावत नसत. १८९४ मध्ये मिशिगनमधील बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात केलॉग बंधूंनी शिजवलेला गहू लाटून त्याच्या पापुद्र्यांसारख्या चकत्या केल्या, आणि नंतर मक्यावर तोच प्रयोग होऊन १९०६ मध्ये कॉर्नफ्लेक्सची स्वतंत्र कंपनी उभी राहिली. १९९० च्या दशकात नवी मुंबईजवळ तळोजा येथे कारखाना काढून केलॉग भारतात आली आणि कॉर्नफ्लेक्स शहरी घरांत पोचले. मका ग्लुटेनमुक्त असल्यामुळे कॉर्नफ्लेक्सही तसेच असणार असा तर्क कोणीही करील, पण तो चुकीचा ठरतो. मक्याचा जाड भरडा साखर, मीठ आणि बहुधा जवाच्या माल्टचा अर्क घालून वाफेवर शिजवतात, मग वाळवून रुळांतून चेपतात आणि भाजतात. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, आणि त्याच्या अर्काने चकत्यांना तो विशिष्ट खमंगपणा आणि तांबूस रंग येतो. मक्याच्या दाण्यात नसलेले ग्लुटेन या अर्काबरोबर पदार्थात येते. तांदळाच्या कुरकुरीत दाण्यांच्या खोक्यांतही माल्ट अनेकदा असतो, आणि मुलांच्या दुधात घालायच्या लोकप्रिय पावडरींपैकी बऱ्याच तर जवाच्या वा गव्हाच्या माल्टवरच उभ्या आहेत. म्हणून खोक्याच्या दर्शनी भागावरील धान्याचे चित्र न पाहता मागील बाजूची घटकांची यादी वाचावी आणि तीत माल्ट, माल्ट अर्क, जव, गव्हाचा कोंडा असे काही दिसले तर खोके परत ठेवावे. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना माल्टऐवजी गूळ, मध किंवा काकवीची चव दिलेले ग्लुटेनमुक्त फ्लेक्स सहज मिळतात; भारतातही ते मिळू लागले आहेत, पण त्यांची किंमत रोजच्या खाण्याला परवडणारी क्वचितच असते.

या खोक्यांच्या तोडीचा, किंबहुना त्यांच्याहून सोयीचा पदार्थ म्हणजे पोहे. साळ गरम पाण्यात भिजवतात, निथळून तापल्या भट्टीत भाजतात आणि गरम असतानाच चेपून पसरट करतात. भिजण्यात आणि भाजण्यात तांदळातील स्टार्च शिजून निघतो, म्हणूनच पोहे नुसते ओले केले तरी खाता येतात. तयार न्याहारीची जी व्याख्या पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकात रूढ झाली तीत हा पदार्थ तंतोतंत बसतो. कांदेपोहे हे त्याचे एकच रूप आहे, आणि सिलिॲक झालेल्या मुलाला आठवड्यातून पाच दिवस कांदेपोहे वाढले तर सहाव्या दिवशी ते ताट सरकवणारच. कोकणात पातळ पोह्यांवर ओले खोबरे, नारळाचे पाणी, कांदा आणि लिंबू घालून, वरून फोडणी देऊन ते दडपून ठेवतात, त्यांना विस्तव फोडणीपुरताच लागतो. चिंचेच्या कोळात आणि नारळाच्या रसात गूळ घालून केलेले कोळाचे पोहे आंबट, गोड आणि तिखट अशा तिन्ही चवींनी जीभ जागी करतात. गोव्यात नरकचतुर्दशीच्या सकाळी दुधातले, दह्यातले, नारळाच्या रसातले, बटाट्याचे आणि गूळ-खोबरे कालवलेले असे पोह्यांचे अनेक प्रकार एकाच पंगतीत मांडले जातात. एका धान्यातून किती निरनिराळ्या न्याहाऱ्या निघू शकतात याची ही पंगत पुरेशी साक्ष देते, आणि ती वर्षातून एकाच दिवसापुरती ठेवण्याचे काही कारण नाही.

लाह्यांची बाजू याहूनही दुर्लक्षित आहे. नागपंचमीला ज्वारीच्या, लक्ष्मीपूजनाला साळीच्या आणि उपवासाला राजगिऱ्याच्या लाह्या घरात येतात आणि सण सरला की विसरल्या जातात. दाण्याच्या घट्ट आवरणात थोडी ओल कोंडलेली असते. तापमान १८० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की तिची वाफ होऊन दाब वाढतो, आवरण फुटते आणि आतला मऊ झालेला स्टार्च क्षणात फुलून फेसासारखा घट्ट होतो. ओल फार कमी असली तर दाब तयार होत नाही आणि जास्त असली तर आवरण आधीच मऊ पडते, म्हणून घरी लाह्या करणाऱ्या स्त्रिया ज्वारी उकळत्या पाण्यात थोडा वेळ ठेवून, निथळून, रात्रभर कापडात बांधून मग जाड बुडाच्या कढईत मूठमूठ टाकून फोडतात. त्या रात्रीच्या मुरण्याने ओल दाण्यात सर्वत्र सारखी पसरते. राजगिरा हे गवतवर्गीय धान्यच नव्हे, तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील पालेभाजीच्या कुळातील वनस्पतीचा दाणा आहे, आणि तांदूळ-ज्वारीत कमी असणारे लायसिन हे अमिनो आम्ल त्यात चांगल्या प्रमाणात असते.

आवडीनिवडीचा प्रश्न येतो तो या लाह्या वाडग्यात पडल्यानंतर. कुरकुरीतपणा म्हणजे कोरड्या स्टार्चच्या पातळ भिंती दाताखाली मोडणे, आणि त्या भिंतींत पाणी शिरले की त्या मोडण्याऐवजी दबतात. दूध गरम असले तर हे काही क्षणांत घडते. मराठी घरांत दूध तापवूनच पिण्याची रीत असल्याने मुलांना लाह्यांचा लगदा मिळतो आणि ती लाह्यांनाच नावे ठेवतात. यावर उपाय दोन आहेत आणि दोन्ही सोपे आहेत. पहिला असा की तापवलेले दूध पूर्ण गार करून वापरावे, किंवा दुधाऐवजी घट्ट दही घ्यावे, कारण दह्यातील पाणी बांधलेले असल्यामुळे ते लाहीत सावकाश शिरते. दुसरा उपाय म्हणजे लाहीवर आवरण चढवणे: गूळ आणि थोडे तूप मंद आचेवर वितळवून, त्यात ज्वारीच्या लाह्या, भाजके पोहे, भाजलेल्या शेंगदाण्यांचा भरड कूट, तीळ, जवस आणि सुक्या खोबऱ्याचा कीस परतून, ताटात पसरून पुरते गार होऊ द्यावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. गुळाचा थर आणि तुपातील स्निग्धांश ओल रोखून धरतात आणि वाडगा संपेपर्यंत कुरकुरीतपणा टिकतो. त्यात खारकेचे वा खजुराचे तुकडे घालायचे ते वाढताना घालावेत, आधी मिसळले तर त्यांची ओल साऱ्या डब्याला लागते. राजगिऱ्याच्या लाह्या फार बारीक असल्याने दुधात लगेच विरघळल्यासारख्या होतात; त्यांचा उपयोग दाटपणासाठी करावा, कुरकुरीसाठी नव्हे. चुरमुरे मात्र दुधात कोणत्याही युक्तीने चांगले लागत नाहीत, ते भेळीसाठी आणि चिवड्यासाठीच ठेवलेले बरे.

नुकतेच निदान झालेल्या रुग्णाच्या बाबतीत दुधाविषयी आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. दुधातील साखर पचवणारे विकर रसांकुरांच्या टोकांशी तयार होते आणि तीच टोके झिजलेली असल्यामुळे पहिले काही महिने दूध बाधू शकते. कुटुंबाला वाटते की गहू सोडूनही गुण येत नाही, आणि उपचारावरचा विश्वास डळमळतो. अशा काळात दही, ताक किंवा नारळाचा रस यांवर न्याहारी बेतावी आणि आतडे भरून आले की डॉक्टरांच्या सल्ल्याने दूध पुन्हा सुरू करावे.

गरम, मऊ न्याहारी आवडणाऱ्यांसाठी तर मराठी प्रदेशात आंबील, कण्या, उकड आणि सत्त्व अशी मोठी परंपरा आहे. ज्वारी जाडसर भरडून केलेल्या कण्या शिजवून ताकात कालवल्या की त्या लापशीची, म्हणजे गव्हाच्या दलियाची, जागा सहज घेतात आणि दाताला दाणाही लागतो. तांदळाच्या पिठाची ताकातली उकड, लसूण-मिरचीच्या फोडणीसह, दहा मिनिटांत होते. दक्षिण कोकणातील घावन तांदळाचे, तर आंबोळी तांदूळ व उडदाची असते, मात्र काही घरांत आंबोळीच्या पिठात मूठभर गहू दळण्याची पद्धत आहे, ती तेवढी सोडावी लागते. नाचणीचे स्थान या सर्वांत वरचे मानावे लागेल. तिच्या १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि सिलिॲकमध्ये हाडांना नेमकी याच क्षाराची उणीव भासते. दाण्यातील फायटेट हे द्रव्य कॅल्शियम व लोह अडवून धरते, पण नाचणी भिजवून मोड आणले की ते घटते आणि शिवाय अंगची गोडी वाढते. मोड आणून, सावलीत वाळवून, हलके भाजून दळलेल्या नाचणीच्या सत्त्वाची नारळाचा रस आणि गूळ घालून केलेली खीर गोव्यात आणि कोकणात लहान मुलांना आवर्जून देतात. ही नाचणीही एका अर्थी माल्टच आहे, पण ग्लुटेन नसलेल्या धान्याचा माल्ट निर्धोक असतो. जपायचे असते ते जवाच्या आणि गव्हाच्या माल्टला. बाजारातील काही सत्त्वांत नाचणीबरोबर गव्हाचे सत्त्वही मिसळलेले असते, त्यामुळे तेथेही घटकांची यादी वाचण्याला पर्याय नाही.

येथपर्यंतचे वर्णन वाचून वाट सरळ आहे असे वाटेल, परंतु गहू मराठी स्वयंपाकघरात जेथे दिसतो त्याहून अधिक ठिकाणी असतो. सर्वांत फसवी वस्तू हिंग आहे. शुद्ध हिंग हा इराण, अफगाणिस्तान आणि मध्य आशियातील एका वनस्पतीच्या मुळांतून पाझरणारा चीक असून तो इतका उग्र असतो की पीठ आणि डिंक मिसळून सौम्य केल्याशिवाय वापरता येत नाही, आणि हे पीठ बहुधा गव्हाचे किंवा मैद्याचे असते. निव्वळ तांदळाच्या पोह्यांत चिमूटभर हिंगाबरोबर गहू येतो तो असा. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग आता अनेक दुकानांत मिळतो, तोच घ्यावा. थालीपिठाच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ आणि डाळींबरोबर गहूही भाजून घालण्याचा प्रघात आहे. घरी भाजणी करताना तो वगळला तर चवीत जाणवण्याजोगा फरक पडत नाही, कारण खमंगपणा धने आणि डाळींतून येतो. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतोच. पश्चिम आणि दक्षिण महाराष्ट्रात पिकणारा खपली गहू पचायला हलका म्हणून विकला जातो आणि काही विक्रेते तो सिलिॲकच्या रुग्णांनाही चालतो असे सांगतात, हे सांगणे पूर्णपणे चुकीचे आणि धोक्याचे आहे. खपलीतही ग्लुटेन आहे आणि ते आतड्याला तशीच इजा करते.

पीठ दळण्याची जागा ही त्याहूनही कठीण बाब आहे. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेप्रमाणे आणि भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणेही ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये. ही मर्यादा किती बारीक आहे ते साध्या हिशेबाने कळते. गव्हाच्या पिठात साधारण १० टक्के प्रथिने आणि त्यांतील सुमारे चार पंचमांश ग्लुटेन धरले, तर पाव ग्रॅम पिठातच २० मिलिग्रॅम ग्लुटेन असते. गल्लीतील गिरणीत गव्हापाठोपाठ ज्वारी दळली तर दगडांत आणि डब्यात अडकलेले चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम, पीठ तीत सहज उतरते, आणि किलोभर ज्वारीचे पीठ मर्यादेच्या वीसपट दूषित होते. दिवसाकाठी ५० मिलिग्रॅम ग्लुटेनदेखील दीर्घकाळ पोटात गेले तर आतड्याला इजा होऊ शकते असे अभ्यासांतून दिसले आहे, त्यामुळे एवढ्याशाने काय होते हा घरातील वडीलधाऱ्यांचा प्रेमळ युक्तिवाद येथे लागू पडत नाही. ज्या घराला शक्य आहे त्याने घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच दळू नये. शक्य नसेल तर धान्य निवडून, धुऊन, वाळवून मिक्सरवर थोडेथोडे दळावे. याच कारणाने पिठाऐवजी अख्ख्या दाण्याच्या न्याहारीला, म्हणजे लाह्या, कण्या, वरई आणि पोहे यांना, प्राधान्य देणे शहाणपणाचे ठरते, कारण दाणा निवडता येतो, धुता येतो आणि त्यात मिसळलेला गव्हाचा दाणा डोळ्यांना दिसतो. भडभुंज्याकडे एकाच वाळूत गहूही भाजला जातो का हे विचारून घ्यावे. पिठाची चाळणी आणि पोळपाट-लाटणे ही तर स्वतंत्रच हवीत.

उपवासाची शिधासामग्री या घरांना मोठा आधार देते, कारण उपवासाला गहू चालत नसल्याने साबुदाणा, वरई, राजगिरा आणि शिंगाडा यांच्या पाककृती आपोआपच ग्लुटेनमुक्त असतात. तयार पिठे मात्र तेथेही दळणाच्या दोषापासून सुटत नाहीत. शिवाय साबुदाणा हा कसावा या कंदाचा जवळपास निव्वळ स्टार्च आहे. शेंगदाण्याच्या कुटाने त्याला थोडे प्रथिन मिळते, तरी रोजच्या न्याहारीचे पद त्याला देता येणार नाही. वरईचा उपमा त्यामानाने पुष्कळ सरस, आणि रव्याच्या उपम्याची ज्यांना सवय आहे त्यांना तो लवकर रुचतो.

ओट्सविषयी मत देताना तज्ज्ञही सावध असतात. ओट्समधील ॲव्हेनिन हे प्रथिन बहुसंख्य रुग्णांना चालते, थोड्यांना चालत नाही. आणि ओट्सची शेते, वाहने व यंत्रे गव्हा-जवाबरोबर सामाईक असल्याने साध्या ओट्समध्ये त्यांची भेसळ जवळजवळ गृहीत धरावी लागते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तर ओट्सना ग्लुटेनमुक्त म्हणण्याची मुभाच नाही. ज्यांना ते खायचेच असतील त्यांनी ग्लुटेनमुक्त अशी स्पष्ट नोंद असलेलेच घ्यावेत, आणि तेही प्रकृती स्थिरावल्यावर, डॉक्टरांना विचारून. ज्वारीच्या कण्या हाताशी असताना हा खर्च आणि जोखीम कशासाठी, असा प्रश्न मात्र उरतोच.

पोषणाच्या अंगाने पाहता सर्वांत मोठी चूक म्हणजे गव्हाची जागा केवळ तांदळाने भरून काढणे. गव्हाबरोबर आहारातील कोंडा, लोह आणि ब गटातील काही जीवनसत्त्वेही कमी होतात, आणि चेपलेला किंवा फुलवलेला तांदूळ रक्तातील साखर वेगाने चढवतो. सिलिॲकच्या रुग्णांत पहिल्या प्रकारचा मधुमेह इतरांपेक्षा अधिक आढळत असल्याने हे विशेष जपावे लागते. म्हणून आठवडाभरात ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा आणि डाळी आलटून पालटून याव्यात आणि प्रत्येक वाडग्यात शेंगदाणे, तीळ, दही किंवा मोडाची उसळ यांपैकी काही असावे. पोह्यांवर लिंबू पिळण्याची रीत येथे फार उपयोगी पडते, कारण त्यातील क जीवनसत्त्वामुळे धान्यातील लोह अधिक शोषले जाते. उलट पोह्यांपाठोपाठ घेतलेला चहा तेच लोह अडवतो, तेव्हा रक्तक्षय असलेल्याने चहा तासभर पुढे ढकलावा.

घराबाहेरच्या सकाळी सर्वांत अवघड असतात. उपाहारगृहातील पोहे निर्धोक वाटतात, पण त्यांतील हिंग, वर भुरभुरलेली शेव आणि उपम्याच्या कढईत फिरलेला झारा या तिन्हींची चौकशी केल्याखेरीज ते घेऊ नयेत. इडली मागवताना ती रव्याची नाही याची खात्री करावी आणि सांबारातील हिंगाविषयी विचारावे, नाहीतर ती नुसत्या दह्याबरोबर खावी. शाळेच्या सहलीला जाणाऱ्या मुलाच्या पिशवीत गुळात परतलेल्या लाह्यांचा डबा द्यावा, आणि तो इतका भरून द्यावा की मित्रांनाही वाटता येईल, कारण इतर मुलांनी मागून खाल्लेला पदार्थ त्या मुलाला पथ्याचा वाटत नाही.